ड्रॉप टॉवर आणि दोन सेकंद: विद्यार्थ्यांनी बनवलेले मायक्रोग्रॅव्हिटीतले द्रवांचे प्रयोग, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२०२५ च्या जून-जुलैमध्ये भारतीय अंतराळवीर शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर (पुढे नुसतं स्टेशन म्हणतो) होते, तेव्हा त्यांचा तरंगत्या पाण्याच्या गोळ्याचा व्हिडिओ सगळ्यांच्या फोनवर फिरला आणि तेव्हापासून "असं काही आमच्या पोरांना करता येईल का" हा प्रश्न थांबायचं नाव घेत नाहीये. करता येतं. अमेरिकेत तर शाळेतली मुलं हे कित्येक वर्षं करतायत, आणि तेही रॉकेट न वापरता. नेहमी येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं खाली देतोय, क्रम जसा सुचला तसा आहे.

अंतराळात गुरुत्वाकर्षण नसतं ना? मग जमिनीवर तशी परिस्थिती कशी आणणार?

असतं की! स्टेशन साधारण ४०० किलोमीटरवरून फिरतं, आणि तिथलं गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या जवळजवळ ९० टक्के आहे. पण स्टेशन, आतली माणसं, त्यांच्या हातातलं पाणी, सगळंच एकत्र पडत असतं, आणि आडवा वेग इतका असतो की पडूनही जमीन कधी लागत नाही. सगळं एकाच दराने पडतंय म्हटल्यावर पाणी भांड्याच्या तळावर दाबच देत नाही, यालाच मायक्रोग्रॅव्हिटी म्हणतात. म्हणजे खरी गोष्ट आहे ती मोकळं पडणं, उंची नव्हे. आणि मोकळं पडायला अंतराळात जावं लागत नाही, एखादा खोल खड्डा किंवा उंच मनोरा पुरतो, त्यालाच ड्रॉप टॉवर म्हणतात.

किती वेळ मिळतो पण?

कमी. फारच कमी. ओहायोत क्लीव्हलंडला नासाचं ग्लेन रिसर्च सेंटर आहे, तिथल्या छोट्या टॉवरमध्ये प्रयोग २४ मीटर पडतो आणि २.२ सेकंद मिळतात. त्याच आवारात झीरो ग्रॅव्हिटी रिसर्च फॅसिलिटी आहे, ती जमिनीत खोल गेलेली, तिथं आतली हवा काढून टाकतात आणि १३२ मीटर पडून ५.१८ सेकंद मिळतात. जर्मनीत ब्रेमेनला १४६ मीटरचा टॉवर आहे, त्यात वरून सोडलं तर ४.७४ सेकंद, आणि खालून कॅटापल्टने वर उडवून परत खाली येऊ दिलं तर ९.३ सेकंद. वेळ दुप्पट हवा असेल तर उंची चौपट लागते, म्हणून कोणी एक मिनिटाचा टॉवर बांधत बसत नाही.

दोन सेकंदात काय डोंबल दिसणार?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि खरं सांगायचं तर बाकी सगळी माहिती विसरलात तरी चालेल पण एवढं उत्तर नीट वाचा. दोन सेकंद कमी की भरपूर, हे तुमच्या भांड्याच्या आकारावर ठरतं. गुरुत्वाकर्षणाचा परिणाम गेल्यावर द्रवाचा पृष्ठभाग सपाट राहत नाही, तो पृष्ठताणाच्या (म्हणजे पृष्ठभाग आक्रसून घेणाऱ्या ओढीच्या) मर्जीने नवा आकार घ्यायला निघतो, आणि त्याला लागणारा वेळ भांड्याच्या त्रिज्येच्या दीड घाताने वाढतो. आकडे घालून बघा. २ सेंटिमीटर त्रिज्येच्या भांड्यात पाणी असेल तर हा वेळ साधारण ०.३३ सेकंद येतो, ५ सेंटिमीटर त्रिज्या घेतली तर थेट १.३ सेकंद, आणि २ मिलिमीटरच्या नळीत सेकंदाचा शंभरावा भाग. हे फक्त हालचाल सुरू होऊन आकार बदलण्याचं माप झालं, त्यानंतर पृष्ठभाग हिंदकळत राहतो आणि शांत व्हायला याच्या कितीतरी पट वेळ जातो.

म्हणजे मोठा बाऊल घेऊन आलात तर पृष्ठभाग जरा कुठे उचलायला लागतो तोवर खाली आदळलात. तेच छोट्या नळ्या, छोटे कोपरे, छोटे थेंब घेतले तर दोन सेकंदात सुरुवात, मधला भाग आणि शेवट सगळं कॅमेऱ्यात येतं. विद्यार्थ्यांचे प्रयोग फसतात ते बहुतेक वेळा इथंच. आयडिया भारी असते, भांडं मोठं असतं. आधी वेळ बघायचा आणि मग भांड्याचं माप ठरवायचं, उलटं नाही.

द्रव एवढा वेगळा का वागायला लागतो?

जमिनीवर दोन गोष्टींची ओढाताण चालू असते, एक वजन आणि दुसरा पृष्ठताण. लहान मापाला पृष्ठताण जिंकतो, मोठ्या मापाला वजन. पाण्यासाठी ही सीमा साधारण २.७ मिलिमीटरला येते, म्हणून दवाचा थेंब गोल असतो पण बादलीतलं पाणी सपाट. या दोघांच्या गुणोत्तराला बॉन्ड नंबर म्हणतात. मघाचंच २ सेंटिमीटरचं भांडं घेतलं तर जमिनीवर हा नंबर पन्नासच्या वर जातो, म्हणजे वजनाचा दणदणीत विजय. तेच भांडं पडायला लागलं की वजनाचा परिणाम हजारपटीने किंवा त्याहूनही जास्त कमी होतो, नंबर एकच्या खूप खाली जातो, आणि मग जमिनीवर फक्त केसाएवढ्या नळीत दिसणारे खेळ अख्ख्या वाटीत दिसायला लागतात. कंदिलाच्या वातीत रॉकेल चढतं ना, तसं हातभर रुंद टाकीत इंधन चढू शकतं. मला तरी या विषयाची सगळी गंमत यातच वाटते.

शाळेतल्या मुलांनी हे नक्की कुठं केलंय?

नासाच्या ग्लेन सेंटरने हायस्कूलच्या टीमसाठी डाइम नावाची स्पर्धा चालवली होती. मुलांनी प्रस्ताव लिहायचा, निवड झाली तर प्रयोग स्वतः बनवायचा, आणि निवडक टीम क्लीव्हलंडला जाऊन आपला प्रयोग २.२ सेकंदाच्या टॉवरमधून सोडायच्या. त्याची धाकटी आवृत्ती विंग, त्यात मुलांनी प्रयोग पार्सल करायचा आणि तिथली माणसं तो सोडायची.

नंतर नासाने ओरेगॉनच्या पोर्टलंड स्टेट युनिव्हर्सिटीबरोबर सेलेरे नावाचा कार्यक्रम केला, आणि द्रवांच्या बाबतीत माझ्या मते हा सगळ्यात हुशारीने आखलेला. मुलांनी काहीच बनवायचं नाही! फक्त दिलेल्या टेम्प्लेटवर कॉम्प्युटरवर आपल्या चॅनेलचा, म्हणजे द्रव वाहायच्या वाटेचा, आकार काढायचा, एक छोटा फॉर्म भरायचा, झालं. तो आकार लेझर कटरने पारदर्शक प्लॅस्टिकमध्ये कापला जायचा, त्यात तेल भरून युनिव्हर्सिटीच्या ड्रायडन ड्रॉप टॉवरमधून २.१ सेकंद सोडला जायचा, आणि व्हिडिओ मुलांच्या हातात यायचा. पैसा, वर्कशॉप, प्रवास यातलं काहीच आड यायचं नाही. व्हिडिओतून माप काढणं आणि अर्थ लावणं मात्र मुलांचंच काम, ते कोणी करून द्यायचं नाही.

तेलच का? पाणी फुकट मिळतं की.

फुकट मिळतं पण भरवशाचं नाही. द्रव भिंतीला कोणत्या कोनात टेकतो त्याला संपर्क कोन म्हणतात, आणि सगळं त्यावर अवलंबून. सिलिकॉन तेल ॲक्रिलिकवर, म्हणजे त्या पारदर्शक प्लॅस्टिकवर, पूर्ण पसरतं, कोन जवळपास शून्य, दहा वेळा सोडा, दहा वेळा तेच वागेल. पाण्याचा ॲक्रिलिकवरचा कोन ७० अंशांच्या आसपास असतो, पण बोट लागलं, साबणाने धुतलं, फडक्याने पुसलं की बदलतो. मग दोन टीमचे निकाल वेगळे आले तर डिझाइन वेगळं म्हणून आले की बोटाचे ठसे वेगळे म्हणून आले, सांगता येत नाही.

कोपरा, कोपरा असं सगळीकडे लिहिलेलं असतं. त्यात एवढं काय आहे?

१९६९ मध्ये पॉल कॉन्कस आणि रॉबर्ट फिन या दोघांनी गणिताने दाखवलं की कोपऱ्याचा अर्धा कोन आणि संपर्क कोन यांची बेरीज ९० अंशांपेक्षा कमी असेल तर गुरुत्वाकर्षणाचा परिणाम नसताना द्रव त्या कोपऱ्यात थांबतच नाही, जेवढा कोपरा लांब तेवढा धावत जातो. साधा काटकोनी कोपरा धरा, अर्धा कोन ४५, म्हणजे संपर्क कोन ४५ च्या आत असेल तर द्रव निघाला. सिलिकॉन तेल लगेच निघतं, पाणी ॲक्रिलिकवर अडून बसतं. कोपरा ३० अंशांचा केला की पाण्यालाही ७५ अंशांपर्यंत सूट मिळते, आणि ७० वालं पाणी अगदी काठावर येऊन उभं राहतं, आज जाईल, उद्या जाणार नाही. मुलांसाठी हा भन्नाट प्रश्न आहे कारण एकाच तुकड्यात ३०, ६०, ९०, १२० अंशांचे कोपरे शेजारी शेजारी कापता येतात आणि शर्यत लावता येते. कोपऱ्यातल्या तेलाच्या टोकाचं अंतर वेळेच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतं, म्हणजे आधी सुसाट आणि मग हळूहळू, आणि हे फ्रेम मोजून शाळेतलं पोरगंही सिद्ध करू शकतं.

याच गणितातून कप निघालाय बरं का. नोव्हेंबर २००८ मध्ये अंतराळवीर डॉन पेटिट स्टेशनवर असताना त्यांनी प्लॅस्टिकच्या पातळ शीटला घडी घालून, एका बाजूला तीक्ष्ण कोपरा ठेवून कप केला, आणि त्यातून कॉफी ओठांपर्यंत आपोआप चढली, स्ट्रॉ नको काही नको. पोर्टलंड स्टेटचे मार्क वाइस्लोगल यांनी पुढे तो विषय नीट वाढवला, थ्रीडी प्रिंट केलेले कप स्टेशनवर गेले, आणि २०१५ मध्ये अंतराळवीर समांथा क्रिस्टोफोरेट्टी यांनी त्यातून एस्प्रेसो प्यायली.

पाण्याचे प्रयोग मुलांनी केलेच नाहीत का मग?

केलेत, पण उलट्या बाजूने, म्हणजे पाणी चिकटणारच नाही असे पृष्ठभाग घेऊन. नासाच्या एका ड्रॉप टॉवर स्पर्धेत पाण्याला दूर ढकलणाऱ्या वस्तू बनवायच्या होत्या, पडायला लागल्याबरोबर ज्याची वस्तू पाण्यातून जास्त लांब फेकली जाईल तो जिंकला. वजन गायब झाल्यावर पृष्ठताण एकटाच उरतो आणि तो वस्तूला अक्षरशः बाहेर उडवतो. पाण्याने न भिजणाऱ्या पृष्ठभागावर मोठा चपटा थेंब ठेवून सोडला तर तो सुद्धा गोळा व्हायच्या नादात उडी मारून हवेत जातो. यूट्यूबवर बघून घ्या, लिहून काही मजा नाही.

पडताना हवेचा विरोध होतो, मग ते मोकळं पडणं कसं?

चांगला प्रश्न, फिजिक्सच्या सरांना पण विचारा. उत्तर असं की जिथं हवा काढत नाहीत अशा छोट्या टॉवरमध्ये प्रयोगाचा डबा उघडा सोडतच नाहीत, तो एका मोठ्या कवचात ठेवतात, आणि आत त्याच्या खाली थोडी मोकळी जागा असते. हवेची मारामारी बाहेरचं कवच करतं, त्यामुळे ते किंचित हळू पडतं, आतला डबा मात्र कवचाच्या आतल्या हवेबरोबरच पडतो म्हणून त्याला वारा लागत नाही. प्रवासभर डबा त्या मोकळ्या जागेत हळूहळू खाली सरकतो आणि खाली पोचता पोचता कवचाच्या तळाला टेकतो. एवढ्या साध्या युक्तीने हवा काढायचा खर्च वाचतो. सुरुवातीला डबा पोलादी तारेला टांगलेला असतो आणि ती तार तोडतात, कारण हाताने किंवा हुकने सोडलं तर जो हलका धक्का बसतो तोच पुढे दोन सेकंद द्रवात दिसत राहतो.

आणि खाली आपटून फुटत नाही?

२.२ सेकंदाच्या टॉवरमध्ये खाली एअरबॅग असते, पोर्टलंडला चुंबकाने ब्रेक लागतो, आणि १३२ मीटरवाल्यात थर्मोकोलच्या बारीक मण्यांनी भरलेला मोठा हौद असतो. तरी झटका जबरदस्त बसतो, त्या मोठ्यात तर ६५ जी पर्यंत, म्हणजे नेहमीच्या वजनाच्या ६५ पट. म्हणून काचेची नाजूक भांडी, ढिली सोल्डरिंग, नुसत्या टेपने चिकटवलेली बॅटरी असले लाड चालत नाहीत.

विमानातून करतात ते?

पॅराबोला मारणारं, म्हणजे कमानीसारखं वर जाऊन खाली येणारं विमान, एकेका फेरीत २० ते २५ सेकंद. नासाने १९९५ पासून जवळपास वीस वर्षं कॉलेजच्या विद्यार्थ्यांना त्यातून नेलं, युरोपात बोर्दोहून अजूनही विमान उडतं. वेळ दसपट मिळतो खरा पण विमान थरथरतं, आणि कोपऱ्यातल्या तेलासारख्या नाजूक गोष्टीला ती थरथर पुरते. शिवाय दर फेरीच्या आधी आणि नंतर १.८ जी लागतो, त्यात द्रव सगळीकडे फासला जातो.

स्टेशनवर विद्यार्थ्यांचे प्रयोग जातात म्हणे?

जातात. २०१० पासून अमेरिकेत स्टुडंट स्पेसफ्लाइट एक्सपेरिमेंट्स प्रोग्राम चालू आहे, त्यातली पेटी म्हणजे फक्त एक सिलिकॉनची लवचिक नळी, मध्ये एक-दोन क्लॅम्प लावून दोन-तीन कप्पे केलेले. अंतराळवीर ठरलेल्या दिवशी क्लॅम्प उघडतो, हलवतो, झालं. वीज नाही, कॅमेरा नाही. एवढ्यात काय विचारता येईल हे शोधण्यातच मुलांचा कस लागतो. धोका मात्र खरा आहे: २८ ऑक्टोबर २०१४ ला अँटारेस रॉकेट उड्डाणानंतर काही सेकंदात फुटलं, त्यात या मुलांच्या नळ्याही गेल्या. मुलांनी पुन्हा भरल्या आणि जानेवारी २०१५ च्या स्पेसएक्सच्या फेरीतून पाठवल्या.

कॉलेजवाल्यांचं मोठं काम बघायचं तर स्फिअर्स-स्लॉश बघा, फ्लोरिडा इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या टीमचं, २०१४ मध्ये स्टेशनवर गेलं. पारदर्शक टाकीत रंगीत पाणी, टाकी हलवायची, आतलं पाणी कसं हिंदकळतं त्याचं चित्रीकरण करायचं.

हिंदकळण्याचा अभ्यास करून काय मिळतं?

रॉकेट वाचतं. मार्च २००७ मध्ये फाल्कन १ चं दुसरं उड्डाण वरच्या टप्प्यात गेलं आणि टाकीतला द्रव ऑक्सिजन हिंदकळून हिंदकळून यान गरगरायला लागलं, कक्षा हुकली. अजून एक म्हणजे इंजिन परत चालू करताना इंधन टाकीच्या तोंडाशी असायला हवं, आणि अंतराळात तर ते तळाला बसलेलं नसतं, कुठेही असतं. मग टाकीत पातळ पट्ट्या बसवतात, कोपरे तयार होतात, आणि इंधन कोपऱ्या-कोपऱ्याने तोंडाशी येतं. हो, तेच वरचं कॉन्कस-फिनवालं.

भारतात काही आहे का?

आयआयटी मद्रासच्या ज्वलन संशोधन केंद्रात अडीच सेकंदाचा ड्रॉप टॉवर आहे. इस्रो पीएसएलव्हीचा चौथा टप्पा कक्षेतच ठेवून त्यावर प्रयोग लावते, त्याला पोएम म्हणतात. डिसेंबर २०२४ च्या पोएम-४ वर पुण्याच्या एमआयटी-डब्ल्यूपीयूच्या विद्यार्थ्यांचं उपकरण होतं, पण ते द्रवांचं नव्हतं. शाळेच्या पातळीवर मात्र सेलेरेसारखं काहीतरी आपल्याकडे व्हायलाच हवं असं मला फार वाटतं, लेझर कटर आता गल्लोगल्ली साइनबोर्डवाल्यांकडे आहेत, डिझाइन ईमेलने पाठवायचं आणि टॉवर एकच पुरे.

घरी किंवा शाळेत करून बघता येईल असं काही सांगा ना.

सगळ्यात सोपं: प्लॅस्टिकच्या बाटलीला तळाजवळ भोक पाडा, पाणी भरा, धार लागली की बाटली सोडून द्या. पडेपर्यंत धार बंद. पाण्याचा दाबच गेला म्हणून.

त्याच्या पुढची पायरी जरा मेहनतीची आहे पण खरा प्रयोग हाच. २ मीटरवरून सोडलं तर ०.६४ सेकंद मिळतात, आणि वरचं भांड्याच्या मापाचं गणित आठवा, ३-४ मिलिमीटर व्यासाच्या नळीला एवढा वेळ भरपूर झाला. शाळेच्या लॅबमधून वेगवेगळ्या जाडीच्या काचेच्या नळ्या घ्या, स्वच्छ धुऊन डिस्टिल्ड वॉटरने खळबळून घ्या. त्या पारदर्शक बरणीत उभ्या बसवा, खालचं टोक तळापासून जरा वर राहू दे, वरचं उघडं, बरणीत २ सेंटिमीटर रंगीत पाणी. जमिनीवर ४ मिलिमीटरच्या नळीत पाणी जेमतेम ७ मिलिमीटर चढून थांबतं. सोडलं की तेच पाणी झपकन काही सेंटिमीटर वर येतं. प्लॅस्टिकचे स्ट्रॉ वापरू नका, त्यात पाणी चढत नाही आणि मग मुलांना वाटतं थिअरी चुकली.

बरणी आणि फोन एकाच फळीवर पक्के करा, फळी खोक्यात, आजूबाजूला थर्मोकोल, खाली दोन जाड गाद्या. खोकं दोऱ्याला टांगा आणि दोरा कात्रीने कापा, हाताने सोडलं की खोकं हमखास फिरतं. बरणीचं झाकण घट्ट लावा, नाहीतर पाणी फोनवर. आणि गॅलरीतून, गच्चीवरून काही टाकायचं नाही, खाली माणसं असतात. स्टुलावर मोठं माणूस उभं राहिलं की २ मीटर आरामात होतात.

फोन कुठला लागतो?

२४० फ्रेमचा स्लो मोशन असलेला कुठलाही, त्यात ०.६४ सेकंदाच्या दीडशेच्या वर फ्रेम येतात. फोकस लॉक करा. बरणीच्या मागे ट्रेसिंग पेपर आणि त्यामागे एलईडी टॉर्च, म्हणजे पाण्याची कड काळी स्वच्छ दिसते.

पडणं नेमकं कुठल्या फ्रेमला सुरू झालं ते कसं कळणार?

फ्रेमच्या एका कोपऱ्यात बारीक साखळीचा तुकडा लटकवून ठेवा. सुटल्याबरोबर ती ढिली पडते, ती तुमची शून्य नंबरची फ्रेम. स्टीलची पट्टी नळीला चिकटवूनच ठेवा, मागे ठेवली तर माप चुकतं. मग दर पाच फ्रेमला उंची वहीत लिहा, आलेख काढा, जाड आणि बारीक नळीचे आलेख एकाच कागदावर.

बारीक नळीतच जास्त चढेल ना, जमिनीवर चढतं तसं?

सोडून बघा. उत्तर सांगत नाही, पण जमिनीवर "किती चढलं" हा प्रश्न असतो आणि इथं "किती वेगाने चढतंय" हा, आणि अगदी बारीक नळीत भिंतीचं घर्षण आडवं येतं, एवढी हिंट पुरे.